संख्याशास्त्राचे इंग्रजी शब्द व लिहिणाऱ्याची जबाबदारी



वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्या हवेत बसून ऐकावा असा हा विषय नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. या व्यासपीठावर संतवाङ्मय शोभते, इतिहास शोभतो, प्रवासवर्णनही शोभते. संशोधनाच्या इंग्रजी निबंधात संख्याशास्त्राचे शब्द नीट कसे वापरावेत, हा प्रश्न कॉलेजातल्या प्राध्यापकांनी खोलीचे दार लावून सोडवावा, असे पुष्कळांना वाटेल. त्यातून तो मांडायला उभा राहिला आहे कामगार संघटनेत हयात घालवलेला, कॉलेजची पायरी न चढलेला माणूस. तेव्हा प्रथम या धिटाईचा खुलासा करणे प्राप्त आहे.

आमचे इंग्रजी शाळेपेक्षा करारपत्रांवर, चौकशी समित्यांच्या अहवालांवर आणि औद्योगिक न्यायालयांतल्या निकालपत्रांवर अधिक झाले. महागाई भत्ता किती मिळावा, यंत्राजवळच्या आवाजाने कान गेले की वयाने गेले, धुळीने छाती भरली की विडीने भरली, असे वाद वाटाघाटीच्या टेबलावर येतात तेव्हा दोन्ही बाजूंच्या हाती कोणत्या तरी तज्ज्ञाचा इंग्रजी निबंध असतो. निबंध लिहिणारा आपल्या विद्यापीठात सुखाने बसलेला असतो. त्याच्या एका विशेषणावर इकडे शेकडो कुटुंबांची भाकरी वरखाली होते. ज्याचे जळते त्याला कळते. म्हणून हे शब्द आम्ही शब्दकोशाशी आणि पाठ्यपुस्तकांशी ताडून, एकेक करून शिकलो. आज तेच आपल्यापुढे ठेवायचे आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आता असे निबंध लिहीत आहेत, आणि उद्या त्यांचे शब्द कोणाच्या तरी टेबलावर पडणार आहेत.

पेशवाईतली 'ध'चा 'मा' केल्याची कथा आपणांस ठाऊक आहे. तिच्यात निदान एक अक्षर तरी बदलावे लागले. संख्याशास्त्राच्या इंग्रजीत अक्षर बदलण्याचीही गरज नसते. शब्द तोच राहतो आणि अर्थ बदलतो. याचे कारण त्या भाषेच्या घडणीत आहे. आपल्याकडे शास्त्र आले तेव्हा त्यासाठी नवे शब्द घडवले गेले. मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध हे शब्द बाजारात कोणी बोलत नाही, त्यामुळे ते कानावर पडताच ऐकणारा सावध होतो आणि अर्थ विचारतो. इंग्रजांनी मात्र घरातलेच शब्द शास्त्राच्या कामाला जुंपले. 'नॉर्मल', 'एरर', 'बायस', 'पॉप्युलेशन', 'रँडम', 'सिग्निफिकंट' हे सगळे रोजच्या बोलण्यातले शब्द. वाचणाऱ्याला वाटते, आपल्याला हे कळते. आणि तेथेच तो फसतो.

उदाहरणे पाहा. 'स्टँडर्ड एरर' म्हणजे कोणाची चूक नव्हे. एकाच मोठ्या समूहातून पुनःपुन्हा नमुने घेतले तर प्रत्येक नमुन्याचे उत्तर थोडे वेगळे येईल. ते किती वेगळे येऊ शकेल याचे ते माप आहे. 'पॉप्युलेशन' म्हणजे गावाची लोकसंख्याच असे नव्हे. ज्या समूहाविषयी निष्कर्ष काढायचा तो सगळा समूह, मग तो एका कारखान्यातल्या बॉबिनांचा का असेना. 'रँडम' म्हणजे वाटेल तसे नव्हे. पाळी सुटताना दरवाजावर उभे राहून जो दिसेल त्याला प्रश्न विचारणे ही रँडम निवड नाही. तो फक्त हाताला लागलेला माणूस झाला. हजेरीपटावरच्या प्रत्येक नावाला निवडले जाण्याची ठरलेली संधी असली पाहिजे आणि चिठ्ठी निघाली पाहिजे. हे केले नसेल तर निबंधात 'रँडम सॅम्पल' असे लिहिणे ही भाषेची हयगय म्हणता येत नाही. ती खोटी साक्ष आहे.

आता सर्वांच्या तोंडी असलेला शब्द घेऊ : 'ॲव्हरेज', सरासरी. समजा, एका लहान कारखान्यात दहा माणसे आहेत. नऊ कामगारांना महिना १५,००० रुपये मिळतात आणि व्यवस्थापकाला १,६५,००० रुपये. एकूण झाले ३,००,०००. दहांनी भागले तर 'मीन' म्हणजे मध्य आला ३०,०००. पगारांची चढती रांग लावून मधला पगार पाहिला तर 'मीडियन' म्हणजे मध्यक आला १५,०००. सर्वांत अधिक वेळा येणारा पगार, ज्याला 'मोड' किंवा बहुलक म्हणतात, तोही १५,०००. तिन्हींना बोलीत सरासरी म्हणता येते. मालकाच्या पत्रकात 'ॲव्हरेज वेतन ३०,०००' असे छापले तर ते खोटे ठरत नाही, मात्र ३०,००० मिळवणारा एकही माणूस त्या कारखान्यात सापडत नाही. म्हणून संशोधनाच्या निबंधात नुसते 'ॲव्हरेज' लिहून पुढे जाऊ नये. मीन की मीडियन ते लिहावे, आणि पगार, जमीन, कर्ज असल्या विषयांत, जेथे थोड्यांकडे पुष्कळ आणि पुष्कळांकडे थोडे असते, तेथे मीडियन दिल्याशिवाय राहू नये.

सरासरीच्या शब्दाने आपल्या महाराष्ट्रात एक मोठा वाद झाला, तो येथे सांगण्याजोगा आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. त्यात माणशी दररोज २,२५० कॅलरींचा आहार ज्या खर्चात मिळू शकतो त्याच्या आधाराने दारिद्र्याची रेषा आखली होती. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले आणि जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख राहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की ठरवलेली गरज ही सरासरी गरज आहे. प्रत्येक निरोगी माणसाची गरज तिच्या वरखाली असते, आणि एकाच माणसाचीही ती दिवसागणिक हलते. तेव्हा सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी, असे म्हणता येणार नाही. सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून रेषा धरावी. दांडेकरांनी त्याला सडेतोड उत्तर दिले आणि वाद पुढे कित्येक वर्षे चालला. कोण बरोबर हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही फक्त एवढेच दाखवतो की 'रिक्वायरमेंट' या एका शब्दाचा अर्थ 'सरासरी गरज' घ्यायचा की 'किमान गरज' घ्यायचा, यावर देशातल्या उपाशी माणसांची संख्या कोट्यवधींनी बदलत होती. पोटातली भूक तेवढीच होती. तिची मोजणी मात्र शब्दाच्या अर्थाप्रमाणे हलत होती.

दुसरा शब्द टक्का. कामगाराला तो फार जवळचा. भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर २०२०-२१ साली ८.५ टक्के होता. २०२१-२२ सालासाठी तो ८.१ टक्के झाला. दर किती उतरला? 'पॉइंट चार टक्के' असे पुष्कळांनी म्हटले. शास्त्राच्या भाषेत तो ०.४ 'पर्सेंटेज पॉइंट' म्हणजे टक्केबिंदूंनी उतरला. आधीच्या दराशी तुलना केली तर व्याजात सुमारे ४.७ टक्क्यांची घट झाली. दोन्ही विधाने खरी आहेत, पण ती एक नव्हेत. ज्याला घट लहान दाखवायची तो एक लिहील, ज्याला मोठी दाखवायची तो दुसरे लिहील. ज्याला सत्य लिहायचे त्याने दोन्ही दर लिहावेत आणि मग फरक सांगावा.

टक्क्याच्या या घोटाळ्याची किंमत इंग्लंडने १९९५ साली मोजली. संततिनियमनाच्या नव्या प्रकारच्या गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका 'दुप्पट' होतो, असा इशारा तेथे दिला गेला. दुप्पट, म्हणजे शंभर टक्के वाढ. मूळ धोका होता सुमारे सात हजार स्त्रियांत एक, तो झाला सात हजारांत दोन. हे दुसरे वाक्य लोकांपर्यंत पोहोचले नाही. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात अधिक झाले. 'रिलेटिव्ह रिस्क' आणि 'ॲब्सोल्यूट रिस्क' यांतला फरक केवळ परीक्षेसाठी पाठ करायचा नाही, तो एवढ्यासाठी.

हीच गोष्ट 'रेट' आणि 'रेशो' यांची. शाळेत इंग्रजी निबंध शिकवताना मास्तर सांगतात, एकच शब्द पुनःपुन्हा वापरू नका, कंटाळवाणे होते. ललित लेखनाला हा उपदेश योग्य असेल. शास्त्रीय लेखनात तो घातक आहे. तेथे रेट, रेशो, प्रपोर्शन हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. मातामृत्यूच्या आकडेवारीत 'रेशो' म्हणजे एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावल्या, आणि 'रेट' म्हणजे जननक्षम वयाच्या एक लाख स्त्रियांमागे किती. भाजक बदलला की आकडा बदलतो. कारखान्यातल्या अपघातांचेही तसेच. 'यंदा पाच अपघात कमी झाले' या वाक्याला अर्थ नाही, कारण यंदा निम्मे कामगार घरी बसवले असतील. दर दहा लाख मनुष्य-तासांमागे किती अपघात झाले हे सांगितले तरच तुलना होते. म्हणून एकदा जो शब्द धरला, त्याची व्याख्या पहिल्याच ठिकाणी द्यावी आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेवावा. कंटाळा आला तरी चालेल.

आता मुख्य शब्दाकडे येतो : 'सिग्निफिकंट'. आमच्या मते गेल्या शंभर वर्षांत एवढा गैरवापर दुसऱ्या कोणत्याही शास्त्रीय विशेषणाचा झाला नसेल. कोशात पाहाल तर 'महत्त्वाचा, लक्षणीय' असा अर्थ मिळेल. १८८५ साली फ्रान्सिस एजवर्थ यांनी संख्याशास्त्रात तो वापरला तेव्हा त्यांच्या मनात 'काही सुचवणारा' असा मूळ अर्थ होता. हा फरक काहीतरी सुचवतो, निव्वळ योगायोगाचा दिसत नाही, एवढेच. पुढे १९२५ साली रोनाल्ड फिशर यांचे संशोधकांसाठीचे पुस्तक निघाले. वीसात एक ही मर्यादा सोयीची आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. सोय म्हणून आलेली गोष्ट रूढी झाली आणि रूढीची पुढे सोवळी-ओवळी झाली. पी-मूल्य ०.०५ च्या खाली आले की सिग्निफिकंट, वर राहिले की नाही.

हे पी-मूल्य म्हणजे काय ते उदाहरणाने सांगतो. समजा, धुळीच्या खात्यातले २० कामगार तपासले, त्यांत ६ जणांना जुनाट खोकला निघाला. कचेरीतले २० तपासले, त्यांत २ जणांना निघाला. शेकडा ३० आणि शेकडा १०. फरक २० टक्केबिंदूंचा. आता असे धरून चाला की धुळीचा खोकल्याशी काहीच संबंध नाही. तसे असते तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? फिशर यांच्याच रीतीने हिशेब केला तर ती शंभरात सुमारे तेवीस-चोवीस येते. हे झाले पी-मूल्य. ते ०.०५ हून मोठे आहे, म्हणून निबंधात वाक्य येईल की फरक 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' नाही. येथवर ठीक आहे.

पण पुढे काय होते पाहा. सारांशात 'स्टॅटिस्टिकली' हा शब्द गळतो आणि 'नो सिग्निफिकंट डिफरन्स' उरते. कंपनीच्या पत्रकात 'सिग्निफिकंट'ही गळते आणि 'नो डिफरन्स' उरते. टेबलावर येईपर्यंत वाक्य होते, 'धुळीने काही होत नाही असे शास्त्राने सिद्ध झाले आहे.' प्रत्येक पायरीवर एकच शब्द गळला, आणि शेवटी सहा माणसांचा खोकलाच गळून गेला!

खरे पाहता त्या आकड्यांचा अर्थ असा आहे की चाळीस माणसांच्या तपासणीतून निर्णय लागत नाही. याच आकड्यांवरून 'कॉन्फिडन्स इंटर्व्हल' काढले, तर खरा फरक कोठे असू शकेल याचा पल्ला मिळतो. तो सुमारे उणे ४ पासून ४४ टक्केबिंदूंपर्यंत येतो. म्हणजे धुळीने काहीच होत नाही, हे या आकड्यांशी जुळते. आणि धुळीच्या खात्यात शेकडा चाळीस माणसे अधिक आजारी पडतात, हेही जुळते. अशा वेळी 'फरक नाही' म्हणणारा शास्त्र बोलत नाही. तेच प्रमाण राहून वीसांच्या जागी दोनशे-दोनशे माणसे तपासली असती, ६० आणि २० आजारी निघाले असते, तर पल्ला सुमारे १२ ते २८ आला असता आणि फरक निःसंशय सिग्निफिकंट ठरला असता. धूळ तीच, छाती तीच, फक्त तपासलेली माणसे अधिक. मग लहान तपासणी करून 'फरक आढळला नाही' असे लिहून देणे किती स्वस्त आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही पक्षपाती ठरू. लाखो माणसांची आकडेवारी असली तर अगदी क्षुल्लक फरकही सिग्निफिकंट ठरतो. एखादी सोय केल्याने काम दिवसाला अर्ध्या मिनिटाने वाढले, तरी मोठ्या आकडेवारीत तो फरक या परीक्षेत उतरेल. तेव्हा सिग्निफिकंट म्हणजे मोठे नव्हे आणि नॉट सिग्निफिकंट म्हणजे शून्य नव्हे. आणखी एक अपसमज : पी-मूल्य ०.२४ म्हणजे 'धूळ निरुपद्रवी असण्याची शक्यता २४ टक्के' असे मुळीच नाही. धूळ निरुपद्रवी आहे असे आपण आरंभीच धरून चाललो होतो. जे धरले त्याची शक्यता त्याच हिशेबातून कशी निघेल?

ही तक्रार फक्त आमच्यासारख्या अडाण्याची नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-मूल्याविषयी सहा सूत्रांचे निवेदन काढले. पी-मूल्याने परिणामाचा आकार किंवा निष्कर्षाचे महत्त्व मोजले जात नाही, असे त्यात स्पष्ट आहे. २०१९ साली 'नेचर' या साप्ताहिकात तीन शास्त्रज्ञांनी या शब्दाला निवृत्त करावे अशी मागणी केली आणि आठशेहून अधिक संशोधकांनी तिला पाठिंबा दिला. पाच नियतकालिकांतले ७९१ निबंध तपासले, तर त्यांपैकी सुमारे निम्म्यांत 'नॉट सिग्निफिकंट'चा अर्थ 'परिणाम नाही' असा चुकीचा लावलेला आढळला, असे त्या लेखात दिले आहे. तज्ज्ञांच्या घरीच निम्मे भांडे फुटके असेल तर गिऱ्हाइकाने वाजवून घ्यावे हे बरे.

येथे आम्हांला एका माणसाची आठवण सांगावीशी वाटते. त्यांचे नाव ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. पहिल्या महायुद्धात क्षयाने आजारी पडले, डॉक्टर होण्याचे राहून गेले, पत्रद्वारा अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि पुढे वैद्यकीय संख्याशास्त्राचे आचार्य झाले. १९३० साली त्यांनी लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांच्या आजारपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्डिंग खात्यात कापूस साफ होताना धूळ उडते. तेथल्या कामगारांची तुलना त्याच गिरणीतल्या इतर कामगारांशी केली. तीस ते साठ वयाच्या दरम्यान कार्डिंगवाल्यांना श्वसनाचे आजार तिपटीहून अधिक, इतर आजार मात्र सारखेच. १९६५ साली, व्यवसायजन्य रोगांच्या वैद्यकांपुढे अध्यक्ष म्हणून भाषण करताना त्यांनी या जुन्या कामाची आठवण काढली. छत्तीस कोष्टके होती, बेरजा-भागाकार भरपूर होते, पण सिग्निफिकन्सची परीक्षा कोठेही घ्यावीशी वाटली नव्हती, असे त्यांनी सांगितले. फरक इतका उघड होता की परीक्षेने त्यात भर पडली नसती. गिरणगावात ज्यांचे वडील-आजोबा कार्डिंगला होते, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

त्याच भाषणात हिल यांनी 'असोसिएशन' आणि 'कॉझेशन' यांतली सीमा दाखवली. दोन गोष्टी बरोबर आढळतात, हे एक. एकीमुळे दुसरी होते, हे निराळे. निबंध लिहिणाऱ्याने पहिल्यासाठी 'असोसिएटेड विथ' लिहावे आणि पुरावा असल्याशिवाय 'लीड्स टू', 'ड्यू टू', 'इफेक्ट ऑफ' असे शब्द वापरू नयेत. पण या सावधपणाचेही ढालीसारखे काम करता येते. हिल आणि डॉल यांनी १९५० साली सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा सहसंबंध म्हणजे कारण नव्हे असे बजावत थोर फिशर विरोधात उभे राहिले, आणि ते तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. हिल यांनी मात्र कारण ओळखण्याच्या नऊ बाजू मांडल्या. संबंध किती बळकट, अनेक ठिकाणी दिसतो का, आधी काय आणि मागून काय, धूर वाढला की रोग वाढतो का, अशा. पुरावा अपुरा आहे या सबबीवर हात बांधून बसण्याची मोकळीक शास्त्र देत नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले. शब्द नेमका असावा, आणि नेमकेपणाच्या आड काम टळू नये, या दोन्ही गोष्टी हिल यांच्याकडून शिकाव्यात.

नावाच्या एका शब्दाने काय होते याचे शेवटचे उदाहरण आमच्या धंद्यातले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मजुरी गोठवली होती आणि तिचा हिशेब सरकारी 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग इंडेक्स'वर चालत होता. १९४४ च्या जानेवारीत जॉर्ज मीनी आणि आर. जे. थॉमस या कामगार पुढाऱ्यांनी अहवाल काढला की जानेवारी १९४१ ते डिसेंबर १९४३ या काळात राहणीचा खर्च ४३.५ टक्के वाढला, सरकारचा निर्देशांक मात्र २३.४ च सांगतो. तज्ज्ञांनी तपासून निर्णय दिला की निर्देशांकात काही अंकांचीच उणीव आहे. पण वादाचे मूळ उघड झाले. निर्देशांक ठराविक वस्तूंच्या किमती मोजत होता. कामगार म्हणत होते की आम्ही घर सोडून युद्धाच्या कारखान्यांच्या गावी आलो, कर वाढले, स्वस्त माल बाजारातून गेला, तो सगळा आमचा राहणीखर्च आहे. शब्दाने जे वचन दिले होते ते आकडा पाळत नव्हता. १९४५ साली त्या निर्देशांकाचे नाव बदलून ग्राहक किंमत निर्देशांक करण्यात आले. आपल्या मुंबईतही कामगारांच्या निर्देशांकावरून असाच वाद पेटला. १९६३ साली महाराष्ट्र सरकारने प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि तिने तो दुरुस्त करण्याची शिफारस केली.

आजही 'अंक' आणि 'टक्का' यांची गल्लत सुरू आहे. २०२० साली औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची नवी मालिका २०१६ हे वर्ष १०० धरून सुरू झाली, आणि जुन्या मालिकेशी तिला जोडणारा गुणक २.८८ ठरला. म्हणजे नव्याचे १०० हे जुन्याचे २८८. ज्या करारात 'दर अंकामागे इतके पैसे' असे लिहिले आहे, तेथे गुणक लावला नाही तर जवळजवळ दोन-तृतीयांश भत्ता कागदावरच विरघळतो. तसाच 'अनएम्प्लॉइड' हा शब्द. आपल्या सरकारी पाहणीच्या साप्ताहिक हिशेबात आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास काम केलेला माणूस कामावर असलेला धरला जातो, आणि काम न शोधणारा व कामाला उपलब्धही नसलेला माणूस बेकारांतही मोजला जात नाही, तो श्रमशक्तीच्या बाहेर पडतो. व्याख्या म्हणून यात लपवाछपवी नाही, ती छापलेली असते. पण निबंधात ती न देता नुसते 'बेकारी घटली' लिहिले, तर नाक्यावर उभा राहून घरी परतणारा माणूस त्या वाक्यातून हरवतो.

कोणी म्हणतील, ही शब्दांची कीस काढण्याची हौस आहे. 'डेटा इज' म्हणावे की 'डेटा आर' म्हणावे, असले वाद आम्हीही कीस काढणेच मानतो. दोन्ही रूपे चालतात आणि त्याने कोणाचे पोट बिघडत नाही. आणखी कोणी विचारतील, मग मराठीतच का लिहीत नाही? जरूर लिहावे, आम्ही तर म्हणू की आपला निष्कर्ष आधी आईला समजेल अशा मराठीत सांगून पाहावा. 'सिग्निफिकंट'चे मराठी करताना 'महत्त्वाचा' लिहायचे की 'योगायोगाचा न दिसणारा' लिहायचे, तेथे जो अडखळेल त्याला आपल्याच वाक्याचा अर्थ कळलेला नाही असे समजावे.

तेव्हा लिहिणाऱ्या तरुण मंडळींना आमची विनंती थोडक्यात अशी. टक्के लिहाल तेथे कशाचे टक्के ते लिहा आणि मूळ आकडे शेजारी ठेवा. सरासरी कोणती ते सांगा. 'सिग्निफिकंट' हा शब्द फक्त संख्याशास्त्रीय अर्थाने, 'स्टॅटिस्टिकली' जोडून वापरा, आणि त्याच वाक्यात फरक किती व त्याचा पल्ला किती ते द्या. 'मोठा' म्हणायचे असेल तर सरळ 'लार्ज' लिहा. 'आढळला नाही' आणि 'नाही' यांत गफलत करू नका. सहसंबंधाला कारण म्हणू नका. आणि सारांश लिहिताना एकही आवश्यक शब्द गाळू नका, कारण बहुतेक लोक सारांशच वाचतात.

वाचणाऱ्यांना, म्हणजे आपणा सर्वांना, एकच सांगणे. इंग्रजी निबंधातला आकडा समोर टाकला गेला की दबून जाऊ नका. कशाचा, किती जणांचा, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या व्याख्येने, हे चार प्रश्न मराठीत विचारा. ते विचारायला पदवी लागत नाही. प्रामाणिक तज्ज्ञाला त्या प्रश्नांचा आनंदच होईल. ज्याला राग येईल, त्याचा कागद पुन्हा एकदा उजेडात धरून पाहावा.